कठीण बियांवर सरसकट उकळतं पाणी नको

‘कठीण कवचाची कुठलीही बी उकळत्या पाण्यात टाका, चोवीस तास भिजू द्या, शंभर टक्के उगवते. उगवली नाही तर मेलेली समजून फेकून द्या.’ हा मजकूर झाडं लावणाऱ्यांमध्ये जोरात फिरतोय. कष्टानं गोळा केलेल्या बिया यापायी वाया जातात, म्हणून एकेक दावा तपासू.

‘कुठलीही बी’. नाही. गरम पाण्याचा उपयोग होतो तो ज्यांच्या टरफलातून पाणीच आत शिरत नाही अशा बियांना. बाभूळ, बहावा, शिरीष, सुबाभूळ, गुलमोहर ही सगळी शेंगवर्गीय झाडं त्यात येतात. उष्णतेनं टरफलावरची, नाभीजवळची (बी शेंगेला जिथे जोडलेली असते ती खूण म्हणजे नाभी) एक कमकुवत जागा उघडते आणि पाण्याला वाट मिळते. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बियांचं मात्र उलट आहे. त्या वाळल्या की मरतात, ताज्याच लावाव्या लागतात. उकळतं पाणी त्यांना थेट मारतं. सागाचं कठीण फळ तर आळीपाळीनं भिजवून वाळवावं लागतं.

‘उकळत्या पाण्यात टाका’. सर्वांत जास्त नुकसान या तीन शब्दांनी होतं, कारण लोक खरोखरच बिया विस्तवावर उकळत ठेवतात. त्यात आतला भ्रूण शिजतो. पाणी उकळलं की भांडं खाली उतरवायचं, बियांच्या चार-पाच पट पाणी त्यांच्यावर ओतायचं आणि ते आपोआप निवू द्यायचं. पातळ टरफलाच्या बियांना एवढी उष्णताही सोसत नाही, तेव्हा आधी मूठभर बियांवर करून बघा.

बिया मोजक्या असतील तर मी पाण्याच्या भानगडीत पडूच नका म्हणेन. गुलमोहराची बी घ्या, नेलकटरनं तिच्या कडेचा बारीक टवका काढा. तपकिरी टरफलाखालचा फिकट भाग दिसला की थांबा. नाभीकडच्या टोकाला अजिबात हात लावायचा नाही, आदिमूळ, म्हणजे रोपाचं पहिलं कोवळं मूळ, तिथेच असतं. मग साध्या पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी ती फुगून मऊ झालेली असते. टवका न काढलेली शेजारची बी मात्र खड्यासारखी टणकच.

‘चोवीस तास’ हाही नियम नव्हे. फुगलेली बी लगेच काढून पेरा. साचलेल्या पाण्यात तिला प्राणवायू कमी पडतो आणि ती कुजते.

आता ‘मेलेली समजा’. एकाच शेंगेतल्या बियांची टरफलंही सारखी कठीण नसतात, त्यामुळे सगळ्या एकदम उगवत नाहीत. त्यातच त्या झाडाचं हित आहे: सगळी रोपं एकाच वाईट हंगामात सापडत नाहीत. शिरीषाच्या कुळातल्या एका झाडाच्या, चीनमधून 1793 मध्ये आणलेल्या बिया लंडनच्या संग्रहालयात ठेवलेल्या होत्या. 1940 मध्ये बाँबहल्ल्यानंतरची आग विझवताना त्यांच्यावर पाणी पडलं आणि त्यांतल्या काही उगवल्या, तब्बल 147 वर्षांनी. तेव्हा आठवड्याभरात न फुगलेली टणक बी फेकू नका. टवका काढून पुन्हा भिजत घाला.