शेठ, फुकट कसं परवडंल ओ?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो मी. सूत किती आलं, बीमवर (ताण्याच्या रुळावर) किती चढलं, कुठल्या मागावर किती डझन उतरले, कामगाराचा आठवड्याचा पगार किती.

शेठ म्हणतात, "मोबाईलवर सगळं फुकट मिळतंय की ओ!"

अहो, ते फुकटचं अ‍ॅप कोट्यवधी लोक वापरतात, वर जाहिराती. माझी गिऱ्हाईकं बोटांवर मोजण्याइतकी; खर्च तेवढ्यांतच वाटायचा. २०१७ ला जीएसटी आला, सगळी बिलिंग नव्यानं लिहिली. कामगार बरेच तेलुगू बोलणारे, म्हणून पगाराची चिठ्ठी तेलुगूतही हवी (बरोबरच आहे म्हणा). आणि "एक बटण तर टाकायचंय" म्हणजे माझा रविवार गेलाच! वर्षाच्या देखभालीचं बिल पाठवलं की शेठ बाहेरगावी. रात्री अकराला प्रिंटर अडकला की मात्र फोनवर फोन.