सब टीचरचं पर्मिट म्हणजे काम करायची परवानगी नव्हे

कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर सब टीचरबद्दल, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी शिकवणाऱ्या बदली शिक्षकाबद्दल, एक मजकूर पुन्हा फिरतोय: "इथे सब टीचर व्हायला फक्त पदवी लागते, भारतातली कुठलीही चालते. 100 डॉलर भरा, 30 दिवसांत पर्मिट हातात. एच-फोरवर असलात तरी पर्मिट हीच सरकारी परवानगी. मुलांना नुसतं सांभाळायचं, आणि पुढे त्यावरच कायमची नोकरी."

एच-फोरचं (एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) वाक्य सगळ्यात घातक, म्हणून ते आधी. पर्मिट देतं कॅलिफोर्निया कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग, म्हणजे राज्य सरकार. वर्गात उभं राहायची तुमची पात्रता आहे का, हे ते बघतं. अमेरिकेत काम करू द्यायचं की नाही, हे केंद्राचं इमिग्रेशन खातं ठरवतं. शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टनं कामावर घेताना काम करायचा हक्क तपासणारा आय-नाइन फॉर्म भरावा लागतो, तिथे पर्मिट दाखवून भागत नाही. एच-फोरवर असाल तर ईएडी कार्ड, म्हणजे केंद्राची काम करायची परवानगी, हवंच. ते 2015 पासून मिळतं, पण सरसकट नाही: जोडीदाराची आय-140 (कंपनीनं त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेली याचिका) मंजूर झालेली असावी, किंवा ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याचा एच-वन सहा वर्षांपुढे वाढलेला असावा. त्याशिवाय एक दिवस जरी पगारी काम केलंत तरी स्टेटसचा भंग होतो आणि त्याची झळ पुढच्या ग्रीन कार्डच्या अर्जाला लागू शकते. हे माहीत नसताना कुणी मैत्रिणीला "काही होत नाही गं" म्हणून ढकलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पदवी. बी.एड. लागत नाही, हे खरं. पण "कुठलीही चालते" हे साफ चूक. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन कमिशनच्या यादीतल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं आणि ती अमेरिकेतल्या बॅचलरच्या तोडीची ठरावी लागते. चार वर्षांच्या बी.ई.ला सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वर मात्र "तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण" एवढाच शेरा येऊ शकतो. पुढे एम.ए. किंवा एम.कॉम. केलं असेल तर त्या गुणपत्रिका आवर्जून जोडा. मूल्यांकन हाती आल्यावरच अर्ज करा, कारण ते 100 डॉलर अर्ज नाकारला तरी परत मिळत नाहीत. शिवाय लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवणं, टीबीची तपासणी हे सगळं वेगळं.

30 चा अर्थही उलटाच लावलाय. पर्मिट वर्षभराचं असतं, दरवर्षी नवं करून घ्यायचं. एका शैक्षणिक वर्षात एकाच शिक्षकाच्या जागी किती दिवस शिकवता येईल, त्याची 30 दिवस ही मर्यादा आहे. स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात ती 20 दिवसांची. कोविडच्या काळात ती 60 पर्यंत वाढवली होती, त्यामुळे आज कुठला आकडा लागू आहे ते डिस्ट्रिक्टलाच विचारा.

पर्मिट कितीदाही नवं केलं तरी त्याचं क्रेडेन्शियल, म्हणजे कायमच्या नोकरीसाठी लागणारा शिक्षकाचा परवाना, होत नाही. त्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणाचा रीतसर कोर्स करावा लागतो.

आणि "नुसतं सांभाळायचं" हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. मी हे काम करते. सकाळी टेबलावर सबसाठीची फाइल असते: कोण कुठे बसतं त्याचा तक्ता, घंटांच्या वेळा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आगीची घंटा वाजली तर मुलांना कुठल्या दारानं न्यायचं. पहिला तास सुरू व्हायच्या आत हे डोक्यात बसवावं लागतं. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आला तर तो स्वतः कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणून ती जबाबदारी सुटत नाही, आणि हा नियम एका दिवसासाठी आलेल्या सबलाही तितकाच लागू आहे.