‘निवडणूक लांबली तर जुनेच नगरसेवक कायम’: घटनेत असं कुठेही नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक वेळेत झाली नाही, तर नवं सभागृह येईपर्यंत जुनंच चालू राहतं. सरकारने मनात आणलं तर मुदत वाढवता येते. पाच वर्षं निकालाच्या दिवसापासून मोजतात. आणि महाराष्ट्रातल्या निवडणुका रखडल्या त्या फक्त कोर्टामुळे. कायदा शिकलेल्या ओळखीच्या माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

जुनं सभागृह चालू राहत नाही. घटनेच्या कलम २४३-ई मध्ये पंचायतींची आणि २४३-यू मध्ये पालिकांची मुदत पहिल्या सभेच्या तारखेपासून पाच वर्षं, ‘त्याहून अधिक नाही’, अशी बांधून दिली आहे. लोकसभेची मुदत आणीबाणीत वाढवायची सोय घटनेतच आहे. १९७६ मध्ये ती वापरलीही गेली. स्थानिक संस्थांसाठी तशी सोय नाही. मार्च २०२२ मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपल्यावर शेजारच्या आजी आधारवरचा पत्ता बदलायला गेल्या, तेव्हा फॉर्मवर नगरसेवकाची सही आणि शिक्का होता. ‘यांची मुदत संपली’ म्हणून फॉर्म परत आला. खिडकीवरच्या मुलाला जे माहीत होतं, ते या मजकुराच्या लेखकाला माहीत नाही.

‘पण २०१९ मध्ये मुदतवाढ दिली होती की!’ हो, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर दिली होती, पण ती महापौरांना आणि जिल्हा परिषद अध्यक्षांना. त्यांची अडीच वर्षांची मुदत राज्याच्या कायद्यातली आहे, म्हणून राज्याला ती थोडी ताणता आली. सभागृहाची पाच वर्षं घटनेतली. त्यांना विधिमंडळ हात लावू शकत नाही.

निकालाच्या दिवसाचं म्हणाल, तर मुंबईचंच बघा. निकाल २३ फेब्रुवारी २०१७ ला लागला, पहिली सभा ८ मार्चला झाली आणि मुदत संपली ७ मार्च २०२२ ला. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक, म्हणजे सभागृहाऐवजी कारभार पाहणारा सरकारी अधिकारी. मुंबईच्या १८८८च्या कायद्यात मुदत संपल्यावर प्रशासक नेमायची तरतूद नव्हती, ती त्यासाठी घालावी लागली. जुनं सभागृह आपोआप चालू राहत असतं, तर त्या दुरुस्तीची गरजच काय होती?

राहिला कोर्टाचा मुद्दा. हाच सगळ्यांत जास्त गळी उतरतो, कारण तो अर्धा खरा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा, म्हणजे आहे ते तिथेच थांबवण्याचा आदेश दिला आणि मे २०२५ पर्यंत तारखांवर तारखा पडत राहिल्या. एवढा काळ शहरांना लोकप्रतिनिधी नव्हते, आणि त्यातला न्यायालयाचा वाटा मी झाकणार नाही. पण हे प्रकरण तिथवर गेलं कशामुळे? औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती, स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला मार्च २०२१ मध्ये. म्हणजे तिथली सुरुवातीची दिरंगाई त्या निकालाच्या माथी मारता येत नाही. त्या निकालाने घातलेल्या अटी तरी नव्या होत्या का? स्वतंत्र आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. यातलं बरंचसं त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्येच सांगितलं होतं. मधली अकरा वर्षं राज्य सरकारांच्या हातात होती.

४ मे २०२२ ला न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करा, असंही सांगितलं होतं. पुढे सरकार बदललं, मुंबईतले २३६ प्रभाग पुन्हा २२७ झाले आणि नवा वाद उभा राहिला. प्रभागरचना सरकारने बदलायची आणि दोष न्यायाधीशांना द्यायचा, हे मला पटत नाही. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ मध्येच न्यायालयाने बजावलं होतं की मुदत संपायच्या आत निवडणूक घेणं बंधनकारक आहे. त्याला अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीचा, किंवा दंगलीसारख्या परिस्थितीचा.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. तुमच्या महापालिकेची पहिली सभा कोणत्या तारखेला झाली, ते एकदा विचारून लिहून ठेवा. त्यात पाच वर्षं मिळवून एक दिवस वजा केला की मुदत संपायची तारीख मिळते, आणि नवी निवडणूक तिच्या आत पूर्ण झालेली असायला हवी. प्रभागरचनेचं आणि आरक्षणाचं काय चाललंय, हे त्याआधी निदान वर्षभर विचारायला लागा.