तरंग अवकाशातले नव्हेत, वातावरणातले

वैश्विक किरणांवरील या लेखात अँटेना ‘अवकाशातून आलेले रेडिओ तरंग’ टिपतात असे म्हटले आहे. तेथे दुरुस्ती आवश्यक वाटते. अवकाशातून येतो तो वैश्विक किरणांचा मूळ कण; तो हवेतील अणुकेंद्रावर आदळला की दुय्यम कणांचा जो वर्षाव होतो, त्यातील इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित प्रतिकण) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे परस्परविरुद्ध दिशांना वळतात आणि मुख्यत्वे त्यातूनच हा रेडिओ स्पंद जन्मतो. तो सहसा काही डझन नॅनोसेकंदच टिकतो.

इंदूरला राजेंद्र नगरातील आमच्या घरी जुन्या रेडिओवर आकाशवाणी चालू असताना ट्यूबलाइट लावली की जी खरखर उठते, तसा गोंगाटच हे स्पंद टिपणाऱ्या संशोधकांची खरी अडचण आहे. म्हणून बहुतेक प्रयोग लघुलहरी आणि एफएम यांच्या मधल्या, 30 ते 80 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतात.

लेखात केवळ अँटेनांच्या स्वस्ताईवर भर आहे, तो मला अपुरा वाटतो. कणांच्या वर्षावामुळे हवेत उमटणारा मंद प्रकाश टिपणाऱ्या प्रतिदीप्ती दुर्बिणींना चंद्र नसलेली निरभ्र रात्र लागते. अँटेना मात्र दिवसाही काम करते. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-2 या कणत्वरकामध्ये इलेक्ट्रॉनची ऊर्जा 2.5 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर 1991 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात नोंदलेल्या वैश्विक कणाची त्याच्या सुमारे 12 हजार कोटी पट होती. असे कण इतके विरळ की निरीक्षणाचा प्रत्येक तास मोलाचा ठरतो. वादळी ढगांतील विद्युत क्षेत्र मात्र हा संकेत बिघडवते, आणि नेदरलँड्समधील लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या संशोधकांनी त्याच बिघाडावरून ढगांतील विद्युत क्षेत्राचा अंदाज बांधला आहे.