रिकाम्या होणाऱ्या तुरुंगांचं कौतुक करण्याआधी

परवा एका ग्रुपवर रशियाबद्दलची एक पोस्ट फिरत आली. रशियातले कैदी निम्म्याहून कमी झाले, तुरुंग बंद पडतायत, याला म्हणतात खंबीर नेतृत्व, वगैरे. खाली टाळ्या आणि झेंडे. आकडा खोटा असता तर मी सोडून दिलं असतं. पण तो खरा आहे, म्हणून हे लांबलचक लिहितोय. 2000 च्या सुमाराला रशियात दहा लाखांहून जास्त माणसं गजाआड होती. 2023 च्या सुरुवातीला ती 4 लाख 33 हजारांच्या आसपास उरली, आणि त्यानंतर आकडा आणखी घसरला.

मात्र या घसरणीत दोन गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात. त्यातली एक सुधारणा आहे. दुसरीला काय म्हणायचं ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा.

आधी सुधारणेचं सांगतो, कारण तीही झाली होती आणि ते कबूल करायला हवं. नव्वदच्या दशकातले रशियन तुरुंग म्हणजे नरक होता. मगादानच्या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगातला एक खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, 'कलाश्निकोव विरुद्ध रशिया'. आठ खाटांच्या कोठडीत कधी 11, तर कधी 24 माणसं. पाळीपाळीने झोपायचं. दिवा रात्रभर चालू, टीव्ही चालू, शौचालय त्याच खोलीत, आडोसा नावापुरता. 2002 साली निकाल लागला: ही अमानुष वागणूक आहे, मुद्दाम छळ करायचा हेतू नसला तरी. त्यानंतर रशियातून अशा तक्रारींची रीघ लागली.

त्याच काळात काही कंटाळवाणे वाटणारे बदल झाले, आणि माझ्या मते खरं काम त्यांनीच केलं. 1998 मध्ये तुरुंग पोलीस खात्याच्या मंत्रालयाकडून काढून न्याय मंत्रालयाकडे दिले. जुलै 2002 पासून एखाद्याला कोठडीत ठेवायचं तर न्यायाधीशाची परवानगी लागू लागली, त्याआधी सरकारी वकिलाच्या सहीवर काम भागायचं. 2018 मध्ये ठरलं की खटला चालू असताना कोठडीत काढलेला एक दिवस साध्या वसाहतीतल्या (रशियात शिक्षा भोगायच्या छावणीला वसाहत म्हणतात) शिक्षेचा दीड दिवस धरायचा. एका ओळीच्या या नियमाने हजारो माणसं लवकर घरी गेली. यावर कुणी पोस्टर छापत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा बदल 2008 चा. त्या वर्षी कायदा झाला आणि प्रत्येक प्रांतात नागरिकांच्या देखरेख समित्या आल्या. सामान्य नागरिकांनी तुरुंगात जायचं, कोठडी उघडायला लावायची, कैद्याशी बोलायचं. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खपलेले वालेरी बोर्शचोव मॉस्कोच्या समितीचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी, 16 नोव्हेंबर 2009 ला, सर्गेई माग्नित्स्की कोठडीत वारला. वय 37. सरकारी अधिकाऱ्यांचा करघोटाळा उघड केला म्हणून आत टाकलेला माणूस. पित्ताशयाचा आणि स्वादुपिंडाचा आजार, महिनोन्‌महिने उपचारांसाठी अर्ज, उत्तर नाही. त्याला काय नाकारलं गेलं, कुठल्या तुरुंगातून कुठे हलवलं, शेवटच्या तासात काय घडलं, हे पहिल्यांदा तपशिलात मांडलं ते बोर्शचोव यांच्या समितीने. पोलिसांनी नाही, न्यायालयाने नाही. बिनपगारी नागरिकांनी.

पुढे या समित्यांचं काय झालं असेल याचा अंदाज आपल्याकडच्या कुणालाही बांधता येईल. बंद नाही केल्या. हळूहळू त्यांत निवृत्त पोलीस आणि तुरुंग अधिकारी भरले. कायदा तसाच, समिती तशीच, आत जाणारा माणूस तेवढा बदलला.

माग्नित्स्कीच्या मृत्यूनंतर मेदवेदेव यांच्या काळात 2020 पर्यंतचा भलामोठा सुधारणा आराखडा निघाला. शंभर-शंभर माणसांच्या बराकी जाऊन कोठड्यांचे तुरुंग होणार होते. किरकोळ आरोपींना तुरुंगाऐवजी घरी ठेवून पायात इलेक्ट्रॉनिक कडं बांधायचं होतं. कल्पना चांगलीच होती. ही कडी चढ्या भावाने खरेदी केल्याच्या प्रकरणात तुरुंग खात्याचा माजी प्रमुख अलेक्सांद्र रायमर 2017 मध्ये दोषी ठरला, आठ वर्षांची शिक्षा झाली. सुधारणेचा प्रमुख स्वतःच आत! हसू येतं, पण बराकी तशाच राहिल्या हे आठवलं की थांबतं.

आता जरा अवघड भागाकडे येतो.

रशियन तुरुंगात जात असते. अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. सगळ्यात वर व्यावसायिक गुन्हेगार, मग साधे कष्टकरी कैदी, मग तुरुंग प्रशासनाची चाकरी करणारे, आणि सगळ्यात खाली 'अपुश्चेन्नी', म्हणजे पाडलेले. या शेवटच्यांनी संडास साफ करायचे. जेवायला वेगळं टेबल. त्यांची भांडी ओळखू यावीत म्हणून काही ठिकाणी चमच्याला भोक पाडलेलं असतं. त्यांच्या हातून कुणी सिगारेट घेतली, त्यांच्या कपातून चहा प्यायला, तर तोही त्यांच्यातला झाला. एकदा खाली गेलेला माणूस पुन्हा वर येत नाही. दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तरी गेल्यागेल्या त्याने स्वतःच सांगायचं असतं. लपवलं आणि उघड झालं तर जिवावर बेततं.

मराठी वाचकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. हे आपण चांगलंच ओळखतो, आणि आपल्या तुरुंगांतूनही ते गेलेलं नव्हतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कुठे जातीवरून कामं वाटून देणारे तुरुंग नियमावल्यांतले नियम घटनाबाह्य ठरले. रशियात तर असा लेखी नियमच नाही, मग आव्हान कशाला देणार? जात कैदी पाळतात आणि वापरतं प्रशासन.

कसं वापरतं, ते ऑक्टोबर 2021 मध्ये जगाने पाहिलं. सारातोवच्या तुरुंग रुग्णालयातले, सुमारे 40 जीबीचे व्हिडिओ 'गुलागू डॉट नेट' या गटाकडे पोचले. बाहेर आणले सर्गेई सावेल्येव या बेलारूसी माणसाने. तो तिथे कैदी होता, कॉम्प्युटर येतो म्हणून त्याला कचेरीच्या कामाला लावलं होतं. व्हिडिओत कैद्यांवर बलात्कार होताना दिसतात, आणि करणारेही कैदीच, प्रशासनाने निवडलेले. चित्रीकरण तुरुंगाच्याच कॅमेऱ्यांवर. हे विकृत करमणूक म्हणून चाललेलं नव्हतं. तो व्हिडिओ बाहेर आला की तो माणूस कायमचा खालच्या जातीत जाणार. तेवढी धमकी असली की त्याच्याकडून हवा तो कबुलीजबाब घ्या, हवं त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष घ्या. शिस्त राखणाऱ्या कैद्यांच्या अधिकृत तुकड्या 2010 मध्येच रद्द झाल्या होत्या. कागदावरून तुकड्या गेल्या, माणसं त्याच कामावर राहिली.

गदारोळ झाला. तुरुंग खात्याचा प्रमुख गेला (त्याचंही आडनाव कलाश्निकोव, निव्वळ योगायोग). जुलै 2022 मध्ये अधिकाऱ्यांनी केलेल्या छळाला 12 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. कागदावर चांगला कायदा आहे. पण त्याच वर्षी रशिया युरोपीय परिषदेतून (स्ट्रासबर्गचं न्यायालय तिचंच) बाहेर पडला आणि 16 सप्टेंबरपासून स्ट्रासबर्गचं दार रशियन कैद्याला बंद झालं. तुरुंगांवर लक्ष ठेवणाऱ्या 'रूस सिद्याश्चाया'च्या ओल्गा रोमानोव्हा तर कधीच्या देशाबाहेर होत्या.

आणि त्याच 2022 च्या उन्हाळ्यात 'वॅग्नर' या खासगी सैन्याचा मालक येवगेनी प्रिगोझिन हेलिकॉप्टरने तुरुंगातुरुंगांत उतरू लागला. स्वतः सोव्हिएत काळात नऊ वर्षं आत काढलेला, त्यामुळे भाषा कैद्यांची. सौदा सोपा होता: सहा महिने युक्रेनच्या आघाडीवर लढा, जगलात तर माफी, पळालात तर गोळी. मे 2023 मध्ये तो स्वतःच म्हणाला की बाखमुतच्या लढाईत वॅग्नरची 20 हजार माणसं मेली, त्यातली निम्मी तुरुंगातून आणलेली होती. वॅग्नरनंतर संरक्षण मंत्रालयाने ही भरती स्वतःच हाती घेतली. 2024 च्या कायद्याने तर खटला चालू असलेला आरोपीही करारावर सही करून निकालाआधीच आघाडीवर जाऊ शकतो.

तर ग्रुपवरच्या पोस्टमधल्या आकड्यातला अलीकडचा मोठा भाग हा असा आहे.

'गुन्हेगारच होते ना, मेले तर मेले' हे कुणीतरी लिहिणार, म्हणून सांगतो. पत्रकार आना पोलित्कोव्स्काया यांच्या खुनात 20 वर्षांची शिक्षा झालेला सर्गेई खाद्झिकुर्बानोव आघाडीवर गेला आणि माफी घेऊन मोकळा झाला. पोलित्कोव्स्काया यांच्या मुलांना कुणी विचारलंही नाही. कैद्याचा जीव स्वस्त झाला की ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचा न्यायही स्वस्त होतो, एवढंच मला त्यातून दिसतं.

आणि 'गुन्हेगारांना कसले हक्क' हा प्रश्न रशियात दोनशे वर्षं जुना आहे. फ्योदोर गाझ नावाचा जर्मन वंशाचा डॉक्टर मॉस्कोच्या तुरुंगांत काम करायचा, 1853 मध्ये वारला. सैबेरियाला पायी निघालेल्या कैद्यांच्या बेड्या हलक्या व्हाव्यात, आतून कातडं लावावं, यासाठी त्याने आयुष्य आणि सगळी मिळकत घालवली. असं सांगतात की तुरुंग समितीच्या बैठकीत मॉस्कोचे धर्मगुरू फिलारेत वैतागून म्हणाले, निर्दोष माणसाला शिक्षा होतच नाही, झाली म्हणजे दोष असणारच. गाझ उठून म्हणाला, आपण ख्रिस्ताला विसरलात. सभा गप्प. फिलारेतही थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, मी नाही विसरलो, या क्षणी ख्रिस्तच मला विसरला होता. एवढं मोकळेपणाने बोलणारा अधिकारी आज क्रेमलिनमध्ये मला दिसत नाही.

पुतिनविरोधी नेते अलेक्सेई नवाल्नींबद्दल मुद्दाम कमी लिहिलंय, त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. एकच सांगतो. रशियन कायद्यात शिक्षा कोठडीची, 'शिझो'ची, मुदत एका वेळी 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियमही सलग एकांतवासाची मर्यादा 15 दिवसच सांगतात. मग युक्ती काय? पंधरावा दिवस संपला की शर्टाचं बटण उघडं होतं म्हणून नवे 15 दिवस. असं करत फेब्रुवारी 2024 मध्ये खार्पच्या ध्रुवीय वसाहतीत मृत्यू येईपर्यंत चालू राहिलं.

'इथल्या तळोजाबद्दल बोला आधी' म्हणणाऱ्यांना: बोललोय, स्टॅन स्वामींना पाण्यासाठी स्ट्रॉ मिळत नव्हती तेव्हाही. एकाबद्दल बोललं म्हणून दुसऱ्याबद्दल तोंड बंद ठेवावं लागत नाही.

काय करता येईल असं कुणी खरंच विचारत असेल तर पत्र लिहा. अलेक्सेई गोरिनोव हे मॉस्कोतले नगरसेवक. मार्च 2022 मध्ये मुलांच्या चित्रकला स्पर्धेवर चर्चा चालू असताना, युक्रेनमध्ये मुलं मरतायत आणि आपण स्पर्धा कसल्या भरवतोय, असं बोलले. सात वर्षं. नंतर आणखी तीन वर्षं, तुरुंगातल्याच गप्पांवरून. त्यांच्या फुप्फुसाचा काही भाग आधीच काढलेला आहे. पत्र रशियनमध्येच लागतं, कारण सेन्सॉरला वाचता आलं पाहिजे. भाषांतराच्या ॲपवर भागतं, सोपी वाक्यं लिहिली की झालं. युद्धाचा विषय काढू नका, पत्र अडेल. पाऊस, स्वयंपाक, घरातलं मांजर, सगळं चालतं. ज्याच्या नावाने पत्रं येत राहतात त्याच्यावर बाहेरून कुणाची तरी नजर आहे हे तिथल्या अधिकाऱ्यांना कळतं, असं सुटून आलेले बरेचजण सांगतात. पत्ता आणि मजकुरासाठी मदत हवी असेल तर कमेंटमध्ये विचारा. माझं रशियन यथातथाच आहे, पण मांजराबद्दल लिहिण्याइतपत येतं.