खुब्याच्या एमआरआयवरून फिरणारा मेसेज आणि खरी गोष्ट

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "एमआरआयमध्ये खुब्याचं इम्पिंजमेंट (सांध्याची हाडं एकमेकांना अडणं) निघालं की कूर्चा (हाडांवरचं गुळगुळीत आवरण) गेलीच समजा. दोन वर्षांत सांधा बदलावा लागतो. हे उकिडवं बसण्यामुळे होतं. एक्स-रे चांगला असेल तर काळजी नको, नाहीतर लगेच दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्या." कुडाळात फिजिओथेरपी करताना हा मेसेज वाचून हादरलेली तरुण पोरं मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"निघालं म्हणजे कूर्चा गेली." नाही. इम्पिंजमेंट ही मुळात हाडाच्या घडणीची गोष्ट आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला मानेपाशी उंचवटा असला तर तो कॅम, तो गोळा ज्या वाटीत बसतो तिची कड गोळ्यावर जास्त आली असली तर पिन्सर. अशी घडण काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास सापडते. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, लक्षणं नसलेल्या खुब्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांत कॅम होता. वाटीच्या कडेची गादी, म्हणजे लॅब्रम, एमआरआयवर दुखावलेली दिसली ती तब्बल ६८ टक्क्यांत. म्हणूनच २०१६ साली इंग्लंडमधल्या वॉरविकला तज्ज्ञांनी ठरवलं की लक्षणं, हाताने केलेली तपासणी आणि चित्र ही तिन्ही जुळली तरच आजार म्हणायचं. खरा रुग्ण बहुधा जांघेत दुखतं म्हणतो, आणि कुठे विचारलं की अंगठा मागे, बोटं पुढे असा पंजा खुब्याभोवती धरतो. त्याला उताणं झोपवून गुडघा पोटाकडे घ्यायचा, मांडी आत ओढून आत वळवायची. नेमकी तीच कळ आली तर रिपोर्टला अर्थ येतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याने हे काही पाहिलेलं नसतं.

"दोन वर्षांत सांधा बदलावा लागतो." धोका खरा आहे, सगळ्यांना सारखा नाही. नेदरलँड्समध्ये ४५ ते ६५ वयाच्या, गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या लोकांवर ५ वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचा अल्फा कोन (कॅमच्या उंचवट्याचं माप) ८३ अंशांच्या वर होता आणि मांडी आत २० अंशांपलीकडे वळत नव्हती, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या खुब्यांची पार झीज झाली. साधारण कॅम असलेल्या बहुतेकांचं तसं झालं नाही.

"उकिडवं बसण्यामुळे होतं." यावर मला रागच येतो, कारण यामुळे बायका भातलावणीला उतरायला घाबरतात आणि मुली फुगडी सोडतात. कॅम बनतो तो पौगंडावस्थेत, हाडाची वाढ चालू असताना, आणि त्या वयातल्या जोरकस खेळांशी त्याचा संबंध दिसलाय. आयुष्यभर विळीवर बसून नारळ खवणाऱ्या आजीचा त्यात दोष नाही. मात्र घडण आधीच तशी असेल तर खोल वाकल्यावर कळ येते. दुखतंय तेवढे दिवस पाटाऐवजी स्टूल घ्यावं, बस्स.

"एक्स-रे चांगला, म्हणजे काळजी नको." मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. कॅममध्ये इजा सुरू होते ती वाटीच्या पुढच्या-वरच्या भागात, लॅब्रम आणि कूर्चा जिथे जुळतात तिथे. कूर्चा हाडावरून सुटायला लागते आणि फट मात्र शाबूत असते. टी-टू मॅपिंगसारख्या खास एमआरआयवर कूर्चेतले बदल त्याहूनही आधी टिपता येतात. तेव्हा पंचविशीतल्या कबड्डीपटूची जांघ महिनोन् महिने दुखत असेल, तर "एक्स-रे नॉर्मल" म्हणून त्याला परत पाठवू नका.

"लगेच ऑपरेशन." ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१८) दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि आखून दिलेला व्यायाम यांची तुलना झाली. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, शस्त्रक्रियेचा गट थोडा जास्त. म्हणजे ऑपरेशन वाया जात नाही, पण आधी काही महिने नीट व्यायाम करून बघायला वाव आहे. आणि सांध्यातली फट २ मिलिमीटरवर आली असेल, तर दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही. तारीख घेण्याआधी सर्जनला ते माप जरूर विचारा.