फॉरमॅट म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हे

सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: "प्रॉक फॉरमॅटच्या नादी लागू नका. ते फक्त आउटपुट सजवतं, आणि दुसऱ्या मशीनवर फाइल उघडतही नाही. इफ-एल्स लिहून लेबलांचा नवा रकाना करा, तेच सुरक्षित." प्रॉक फॉरमॅट म्हणजे कोडांना किंवा आकड्यांच्या गटांना लेबलं ठरवून देणारी पायरी. या सल्ल्यातला मशीनचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे दोन चुकीचे आहेत, आणि त्यांच्यामुळे नवशिक्यांची टेबलं बिघडतात.

फक्त सजावट? रकान्यातली मूळ किंमत (व्हॅल्यू) बदलत नाही हे बरोबर. पण प्रॉक फ्रीक (मोजणीची टेबलं करणारं) आणि प्रॉक मीन्स (सरासरी वगैरे काढणारं) गट पाडतात ते फॉरमॅट लावलेल्या किमतीवरूनच. वयाच्या एकाच रकान्यावर आज पाच-पाच वर्षांचे गट करा, उद्या बाल, प्रौढ, वृद्ध. फॉरमॅटचं नाव बदललं की टेबल बदलतं, डेटासेटला हात लागत नाही. मात्र गट "०-१७", "१८-५९" असे लिहू नका. १७.५ दोन्हींत बसत नाही आणि टेबलात उघडा आकडा म्हणून उगवतो. "०-<१८" लिहा. "लो"मध्ये, म्हणजे सगळ्यात लहान किमतीपासून सुरू होणाऱ्या गटात, मिसिंग (रिकामी) किंमत धरली जात नाही, तिला वेगळी ओळ द्या.

नवा रकाना सुरक्षित? १ ते ५ कोडांना पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत अशी लेबलं आहेत समजा. मजकुराचा रकाना केला की प्रॉक फ्रीक अक्षरक्रम लावतं: असहमत, तटस्थ, पूर्ण असहमत, पूर्ण सहमत, सहमत. दोन टोकं शेजारी येऊन बसली! कोड ठेवून फॉरमॅट लावला तर क्रम १ ते ५ असाच राहतो. शिवाय लेंग्थ स्टेटमेंटने लांबी दिली नसेल, तर रकान्याची लांबी पहिल्या लेबलावरून ठरते. पहिलं लेबल "हो" असेल, तर पुढचं "सांगता येत नाही" मुकाट्याने कापलं जातं.

दुसऱ्या मशीनचं म्हणाल, तर साधा फॉरमॅट वर्क या तात्पुरत्या लायब्ररीत राहतो आणि सेशन संपलं की जातो. त्यासाठी लायब्ररी ऑप्शन देऊन कॅटलॉग (फॉरमॅट साठवणारी फाइल) कायमचा ठेवा आणि एफएमटीसर्च ऑप्शनमध्ये त्याची जागा सांगा. कॅटलॉग हाताशी नसला, तर नोएफएमटीईआरआर ऑप्शन लावून डेटासेट उघडतो. फक्त लेबलांऐवजी कोड दिसतात. सॅस नसलेल्या माणसाला फाइल द्यायची असेल, तेव्हा पुट फंक्शनने लेबलांचा रकाना जरूर करा, पण कोडाचा रकाना काढू नका.